रिजेक्शनचा मेल येण्याआधी आणि आल्यानंतर: मोठ्या टेक कंपन्यांच्या इंटरव्ह्यूची तयारी

मला तीन वेळा रिजेक्शन आलंय. तिन्ही वेळा मोठ्या कंपन्या, तिन्ही वेळा शेवटच्या राऊंडपर्यंत जाऊन, आणि चौथ्यांदा सिलेक्शन झालं. कंपन्यांची नावं मी लिहीत नाहीये, त्याने तुमची तयारी काही पुढे सरकणार नाही. पण त्या साडेतीन वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, आपण सगळे इंटरव्ह्यूची तयारी करतो आणि नकाराची कुणीच करत नाही, मग तो मेल येतो आणि पुढचे कितीतरी महिने हातातून निघून जातात. पहिल्या वेळी माझे पाच महिने गेले, लीटकोड (कोडिंगच्या सरावाची साइट) उघडलं की पोटात गोळा यायचा आणि मी टॅब बंद करायचे. ज्ञान तेवढंच होतं हो, नकार यायच्या आदल्या दिवशी मला जे येत होतं ते दुसऱ्या दिवशीही येतच होतं, पण हात चालत नव्हता. म्हणून हे लिहितेय, सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या) दोन-चार वर्षं काढून प्रॉडक्ट कंपनीत (स्वतःचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या) जायचं बघताहेत त्यांच्यासाठी, आणि शेवटच्या वर्षाला असून ऑफ-कॅम्पस अप्लाय करणाऱ्या पोरापोरींसाठी.

आधी पलीकडच्या बाजूला काय चालतं ते समजून घ्या, कारण नकाराचा अर्धा त्रास ते माहीत नसण्यातून होतो. साधारण रचना अशी: रिक्रूटरचा फोन, मग ऑनलाइन टेस्ट किंवा ४५ मिनिटांचा फोन स्क्रीन, तो निघाला की चार ते पाच राऊंड, प्रत्येकी ४५ मिनिटं ते एक तास. त्यात दोन-तीन कोडिंगचे, अनुभव असेल तर एक सिस्टीम डिझाइनचा, म्हणजे मोठी सिस्टीम कशी उभी कराल त्याचा, आणि एक बिहेवियरल, म्हणजे तुम्ही कामात कसे वागता त्याबद्दलचा. पण निर्णय कोण घेतं हे सगळीकडे सारखं नसतं. गूगलमध्ये ज्यांनी तुमचा इंटरव्ह्यू घेतला ते फक्त लिहून देतात, आणि ते लिहिलेलं वाचून वेगळी हायरिंग कमिटी ठरवते जिने तुम्हाला कधी बघितलेलंही नसतं. ॲमेझॉनमध्ये एक बार रेझर असतो, मुद्दाम त्या टीमच्या बाहेरचा माणूस, आणि त्याच्या मताला फार वजन असतं. मेटामध्ये कोडिंगच्या ४५ मिनिटांत बहुतेक वेळा दोन प्रॉब्लेम सोडवायचे असतात, म्हणजे एकावर विचार करत बसायला वेळच नाही. हे सगळं आधी माहीत असलं की तयारी कुठे वळवायची ते कळतं. जिथे लिहिलेला रिपोर्ट वाचून निर्णय होतो तिथे तुम्ही मनात सोडवलेलं आणि तोंडाने न बोललेलं काहीच पोचत नाही, कारण इंटरव्ह्यूअर टाइप करतो ते तुम्ही बोललात तेवढंच.

आता जरा गणित करून बघा, मला याने फार आधार मिळाला. समजा तुमची तयारी खरंच चांगली आहे आणि प्रत्येक राऊंड चांगला जायची शक्यता ८० टक्के आहे. पाचच्या पाच चांगले जायची शक्यता किती? ०.८ पाच वेळा गुणा, ०.३३ येतं. म्हणजे चांगल्या तयारीच्या माणसाचेही तीनातल्या दोन वेळा पाचही राऊंड छान जात नाहीत. एखादा राऊंड हलका गेला तरी कधीकधी चालून जातं, त्यामुळे खरा आकडा थोडा बरा असेल, पण अंदाज येतो. आता हेच दुसऱ्या बाजूने बघा. एका कंपनीत व्हायची शक्यता २५ टक्के धरा, चार कंपन्यांत प्रयत्न केला तर निदान एका ठिकाणी व्हायची शक्यता ६८ टक्के होते आणि सहा ठिकाणी केला तर ८२. मी पहिल्या वेळी एकाच कंपनीवर सगळं लावून बसले होते. तसं करू नका.

आणि काही गोष्टी तुमच्या हातात नसतातच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० लोक काढले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,०००, त्या काळात ज्यांचे राऊंड चालू होते त्यांच्यातल्या अनेकांच्या जागाच गेल्या. त्यांना आलेला मेलही तसाच असतो, दोन ओळींचा, कारण न सांगणारा. चाळणी चुकते हेही जगजाहीर आहे. मॅकवर काम करणारे डेव्हलपर जे होमब्रू (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं साधन) रोज वापरतात ते बनवणाऱ्या मॅक्स हॉवेलला २०१५ मध्ये गूगलने नाही म्हटलं, बायनरी ट्री (माहिती फांद्यांसारखी ठेवायची रचना) उलटा करता आला नाही म्हणून, असं त्याने स्वतःच ट्विटरवर लिहिलं होतं. ब्रायन ॲक्टनला २००९ मध्ये ट्विटरने नाकारलं आणि फेसबुकनेही, आणि त्याने जॅन कूमबरोबर काढलेलं व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकनेच १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. हे किस्से लोक मोटिवेशन म्हणून फॉरवर्ड करतात, मी त्यासाठी सांगत नाहीये, आपण सगळे काही व्हॉट्सॲप काढणार नाही. एवढंच दिसतं की ४५ मिनिटांत माणूस पूर्ण कळत नाही, आणि चुकीचा माणूस घेण्यापेक्षा चांगला सुटला तरी चालेल अशा हिशोबाने ही चाळणी लावलेली असते.

तारखा लावणं हीच पहिली तयारी

राजीनामा आधी टाकू नका. आपल्याकडे बहुतेक सर्व्हिस कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो आणि त्यामुळे खूप जणांना वाटतं की आधी पेपर टाकावा मग कुणीतरी घेईल, छोट्या कंपन्यांत ते चालतही असेल, पण मोठ्या कंपन्या माझ्या ओळखीतल्या सगळ्यांसाठी तीन महिने थांबल्यात. नोटीस चालू असताना रिजेक्शन आलं ना तर डोकं जागेवर राहत नाही, घरभाडं आणि ईएमआय डोळ्यांसमोर नाचायला लागतात आणि पुढचा इंटरव्ह्यूही त्याच भीतीत जातो. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या आपल्या लोकांचं तर आणखी कठीण, नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरी बघावी लागते, त्यांनी नोकरी चालू असतानाच वर्षातून एकदा तरी तयारी ताजी करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

चार-पाच कंपन्या तीन-चार आठवड्यांच्या पट्ट्यात येतील असं बघा. जिथे जायची सगळ्यात जास्त इच्छा आहे ती पहिली ठेवू नका आणि अगदी शेवटचीही नको, दुसरी-तिसरी ठेवा, पहिल्या इंटरव्ह्यूत जीभ सुटते आणि चौथ्या-पाचव्यापर्यंत माणूस थकतो. तयारी झाली नसेल तर रिक्रूटरला सरळ सांगा की मला तीन आठवडे हवेत. मला आधी वाटायचं असं मागितलं तर ते सोडूनच देतील, तसं काही होत नाही, फक्त शेवटच्या रात्री सांगू नका. उलट कच्च्या तयारीने बसलात आणि नाही झालं तर बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते एक वर्ष परत बसता येत नाही, त्याला सगळे कूलिंग पिरियड म्हणतात.

आणि तारीख दोनच माणसांना सांगा. माझ्या पहिल्या वेळी बाबांनी कौतुकाने त्यांच्या बँकेत सगळ्यांना सांगितलं, मावशीने गणपतीत आरतीनंतर सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, लागलं का तिकडे?" आणि मी प्रसादाचं ताट हातात धरून काय बोलावं म्हणून उभी राहिले. माणसं प्रेमानेच विचारतात. पण तेच उत्तर वीस वेळा द्यायला लागलं की प्रत्येक वेळी तो मेल नव्याने वाचल्यासारखं होतं. दुसऱ्या वेळी मी फक्त दादाला आणि रूममेटला सांगितलं. रूममेटचं काम पण ठरवून दिलं होतं, निकाल आला की मी स्वतः सांगेन, तू विचारायचं नाहीस, आणि नाही झालं तर दोन दिवस माझ्याशी कामाचं सोडून काहीही बोल.

इंटरव्ह्यूच्या आधीच एका कागदावर लिहून ठेवा की नाही झालं तर पुढचे सात दिवस मी काय करणार. खरंच लिहा, मनात ठेवू नका. माझ्या कागदावर असं होतं: दोन दिवस कोडिंग बंद, तिसऱ्या दिवशी रिक्रूटरला मेल, चौथ्या दिवशी वही उघडून राऊंडवार काय झालं ते लिहायचं, शनिवारी सिंहगड, आणि पुढच्या सोमवारी ठरलेला मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, जो रद्द करायचा नाही. हा कागद शांत डोक्याने लिहिलेला असतो, आणि मेल आलेल्या दिवशी तसं डोकं आपल्याजवळ नसतं.

प्रॉब्लेम सोडवण्याबद्दल

पाचशे केले का, आठशे केले का, हा आकडा लोक फार मिरवतात. मी चारशेच्या वर केले होते आणि तरी पडले. ज्या वेळी झालं त्या वेळी दीडशेच्या आसपास केले होते पण प्रत्येक दोन-तीन वेळा. ब्लाइंड सेव्हन्टी फाइव्हसारखी (निवडक ७५ प्रॉब्लेमची) एखादी यादी घ्या, ती पुरी करा, मग कंपनीप्रमाणे थोडे वाढवा. नवा प्रॉब्लेम असेल तर अर्धा तास स्वतः झगडायचं, नाही आलं तर उत्तर बघायचं, बंद करायचं आणि कोऱ्या पानावर स्वतः लिहायचं. मग तीन दिवसांनी परत, दहा दिवसांनी परत. तिसऱ्यांदा जो अडकत नाही तोच आला म्हणायचा.

प्रॉब्लेम वाचला की आधी एनची, म्हणजे इनपुट किती मोठं असेल त्याची, मर्यादा बघा, उत्तर बऱ्याचदा तिथेच लपलेलं असतं. एका सेकंदात साधारण दहा कोटी साध्या क्रिया होतात असं धरून चाला. एन एक हजार असेल तर एन स्क्वेअर म्हणजे दहा लाख, आरामात होतं. एन एक लाख असेल तर एन स्क्वेअर म्हणजे एक हजार कोटी, गेलंच, म्हणजे एन लॉग एन किंवा सरळ एन मध्ये काहीतरी बसवायला लागणार, सॉर्टिंग, हॅशमॅप, स्लायडिंग विंडो, हीप, बायनरी सर्च यातलं एक. एन वीसच्या आत दिला असेल तर ते तुम्हाला सगळे सबसेट काढायला परवानगी देताहेत. हे मोठ्याने बोला, इंटरव्ह्यूअरला हे ऐकायचंच असतं.

आता ड्राय रनबद्दल, म्हणजे लिहिलेला कोड हाताने चालवून बघण्याबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण माझा दुसरा नकार माझ्या मते इथे आला. प्रॉब्लेम अगदी ओळखीचा होता, एका स्ट्रिंगमध्ये (अक्षरांच्या ओळीत) एकही अक्षर परत न येणारा सगळ्यात लांब तुकडा किती लांबीचा. मी स्लायडिंग विंडो लावली, म्हणजे डावं आणि उजवं टोक असलेली खिडकी पुढे सरकवत न्यायची, प्रत्येक अक्षर शेवटचं कुठे दिसलं ते मॅपमध्ये ठेवलं, अक्षर परत दिसलं की डावं टोक त्या जागेच्या एक पुढे न्यायचं. बारा मिनिटांत लिहून झालं आणि मी खुशीत म्हटलं, डन. इंटरव्ह्यूअरने विचारलं, तुझी खात्री आहे? मी हो म्हटलं.

आता तुम्ही 'क ख ख क' घ्या. जागा शून्य ते तीन. दोन नंबरला दुसरा ख येतो, पहिला ख एकवर होता, म्हणून डावं टोक दोनवर. मग तीन नंबरला क येतो, मॅपमध्ये क शून्यावर आहे, त्याच्या एक पुढे म्हणजे एक, आणि डावं टोक दोनवरून मागे एकवर सरकतं. तुकडा होतो 'ख ख क', लांबी तीन, आणि त्यात ख दोनदा आहे. बरोबर उत्तर दोन. चूक एका शब्दाची, डावं टोक हलवताना आधीची जागा आणि नवी जागा यातली मोठी घ्यायची, म्हणजे फक्त मॅक्स लावायचं राहिलं होतं. चार अक्षरांचा ड्राय रन बोटांनी मोजत केला असता तरी दोन मिनिटांत सापडली असती. तो प्रश्न विचारून त्याने मला दार उघडून दिलं होतं आणि मी आत गेलेच नाही.

तेव्हापासून माझा नियम, "खात्री आहे का" असं कुणी विचारलं किंवा नाही विचारलं तरी, तीन इनपुट स्वतः निवडून हाताने चालवायचे: रिकामं, एकच घटक असलेलं, आणि एक मुद्दाम वाकडं. चुका फक्त नवख्यांच्या होतात असंही नाही, जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये लो आणि हाय या दोन टोकांची बेरीज इंटच्या (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पूर्ण संख्येच्या) बाहेर जायची चूक जवळपास नऊ वर्षं तशीच होती, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉकने त्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं.

बोलण्याची तयारी, विशेषतः मराठी मीडियमवाल्यांसाठी

यावर कुणी बोलत नाही म्हणून थोडं जास्त लिहिते. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत होते. मेल लिहायला, मीटिंगमध्ये स्टेटस द्यायला इंग्लिश येतंच, त्यात अडचण नाही. पण अवघड काहीतरी डोक्यात चालू असताना मी मराठीत विचार करते, "आता हा इकडे गेला की तो मोकळा होतो, मग त्याला उचलायचं," असं, आणि तेच त्याच क्षणी इंग्लिशमध्ये बोलायचं म्हटलं की एक तर विचार थांबतो किंवा बोलणं. पहिल्या इंटरव्ह्यूत मी सलग सात-आठ मिनिटं गप्प होते. माझ्या डोक्यात त्या वेळी उत्तर बनत होतं, पण स्क्रीनच्या पलीकडच्या माणसाला फक्त शांतता ऐकू येत होती.

यावर मला जे उपयोगी पडलं ते असं. पहिले दोन आठवडे प्रॉब्लेम मराठीतच मोठ्याने सोडवा, खोलीचं दार लावून, आईला शिकवल्यासारखं. तोंड आणि डोकं एकत्र चालायची सवय आधी लागू द्या, भाषा नंतर. मग तोच प्रॉब्लेम इंग्लिशमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड करत बोला आणि ऐका, ऐकायला फार नको वाटतं पण ऐका, दहा सेकंदांपेक्षा लांब शांतता कुठे आहे तिथे खूण करा. आणि दहा-बारा वाक्यं अगदी पाठ करून ठेवा, "लेट मी टेक अ मिनिट टू थिंक", "द ब्रूट फोर्स वुड बी", "आय ॲम स्टक बिटवीन टू अप्रोचेस", "लेट मी ट्राय धिस ऑन अ स्मॉल एक्झाम्पल". गप्प बसायचं असेल तरी आधी सांगून गप्प बसता येतं, आणि तेवढ्याने पलीकडचा माणूस निर्धास्त होतो. ॲक्सेंटची काळजी सोडा, तिकडे बसलेला माणूस रोज दहा देशांचे ॲक्सेंट ऐकतो.

दुसरी अडचण बिहेवियरल राऊंडची आणि ती आपल्या संस्कारांतूनच येते. आपण "मी" म्हणायला कचरतो. घरात शिकवलेलं असतं की मी-मी करू नये, त्यात सर्व्हिस कंपनीत सगळं टीमचं, त्यामुळे प्रत्येक उत्तर "वी डिड" ने सुरू होतं. ॲमेझॉनमध्ये हा भाग खूप गंभीरपणे घेतात, त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स आहेत आणि प्रत्येक इंटरव्ह्यूअर त्यातली काही वाटून घेऊन प्रश्न विचारतो. तिथे "आम्ही" म्हटलं की ते परत विचारतात, त्यात तू काय केलंस? तुमच्या कामातले सात-आठ प्रसंग काढा, एक भांडणाचा, एक चुकलेल्या डेडलाइनचा, एक प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरत असलेली सिस्टीम, पडल्याचा, एक स्वतःहून सुधारलेल्या गोष्टीचा, आणि प्रत्येक चार ओळींत लिहा: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं. आकडा असेल तर घाला, रात्री आपोआप चालणारा जॉब चार तासांवरून चाळीस मिनिटांवर आणला असं. ते खरं असेल तर सांगण्यात बढाई काही नाही.

सिस्टीम डिझाइनवर फार लिहीत बसत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. एवढंच, सुरुवातीला आकडे काढायची सवय करा. लहान लिंक बनवणारी सर्व्हिस दिली आणि रोज दहा कोटी क्लिक सांगितले तर दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण बाराशे, गर्दीच्या वेळी त्याच्या तीन-चार पट. इंग्लिश अक्षरं आणि आकडे मिळून ६२, सात जागा, म्हणजे साडेतीन लाख कोटी वेगवेगळ्या लिंक, पुष्कळ झाल्या. एवढं पाच मिनिटांत केलं की पुढची चर्चा जमिनीवर राहते.

मॉक इंटरव्ह्यू निदान सहा करा, त्यातले दोन तरी अनोळखी माणसाबरोबर, आणि साध्या एडिटरमध्ये, ऑटोकम्प्लीट आणि रन बटण नसलेल्या. एआय बाजूच्या स्क्रीनवर लावून बसायचा मोह आता खूप जणांना होतो. नका करू. पकडले गेलात तर त्या कंपनीचं दार बंद होऊ शकतं, आणि याच कारणाने काही कंपन्या आता परत समोरासमोर राऊंड घ्यायला लागल्यात, तिथे काय करणार?

इंटरव्ह्यूच्या दिवशी विशेष काही नाही. मोबाइल हॉटस्पॉट तयार ठेवा, चार्जर लावा, आणि पुण्यात असाल आणि गुरुवार असेल तर लाइट जाणार आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

राऊंड संपला आणि निकाल आला नाही, तो मधला काळ

कॉल संपल्यावर तासाभरात वहीत सगळं उतरवा. प्रश्न काय होता, मी आधी काय म्हटलं, कुठे अडकले, त्याने कुठे हिंट दिली, किती मिनिटं उरली होती. निकाल आल्यावर आठवण बदलते, नाही झालं तर सगळंच वाईट गेलं असं वाटायला लागतं, म्हणून आधीचं लिहिलेलं हवं. लिहून झाल्यावर मगच उत्तर शोधा. पाच कामाचे दिवस गेले आणि काही कळलं नाही तर रिक्रूटरला एक छोटा मेल टाका, रोज टाकू नका. आणि पुढचा इंटरव्ह्यू आहे त्याचा अभ्यास थांबवू नका, ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, मला माहितीये.

मेल आला

माझा तिसरा मेल हिंजवडीवरून परत येताना बसमध्ये आला, उभी होते, एका हाताने दांडा धरलेला, आणि पहिल्या ओळीतला तुमच्या वेळेबद्दल धन्यवाद वाचूनच कळलं. रडू आलं तर येऊ द्या. पहिल्या दिवशी उत्तर पाठवू नका, कुठे पोस्ट टाकू नका, लिंक्डइन उघडू नका, त्या दिवशी कुणाचं तरी नव्या नोकरीचं पेढे वाटल्यासारखं पोस्ट असतंच आणि ते सहन होत नाही. जेवा. ज्या दोन माणसांना सांगायचं ठरलंय त्यांना सांगा. त्या रात्री नोकरी सोडायचा, क्षेत्र बदलायचा, एमएसला जायचा कुठलाही निर्णय घेऊ नका.

तिसऱ्या दिवशी रिक्रूटरला मेल करा, चार ओळी. धन्यवाद, मला अजूनही तुमच्याकडे काम करायला आवडेल, कुठल्या भागात सुधारणा हवी याबद्दल ढोबळ काही सांगता येईल का, आणि परत कधी अप्लाय करता येईल. कायद्याच्या भीतीने लेखी फीडबॅक बरेच जण देत नाहीत, पण फोनवर कधीकधी एक वाक्य सांगतात, कोडिंग ठीक होतं डिझाइन कमी पडलं असं, आणि त्या एका वाक्याची किंमत खूप आहे. सीनियर लेव्हलसाठी बसला असाल तर एक लेव्हल खाली विचार होऊ शकतो का तेही विचारा. वाद घालू नका, निर्णय रिक्रूटर बदलू शकत नाही.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी वही. प्रत्येक राऊंडपुढे लिहा की काय घडलं: मला विषयच येत नव्हता, येत होता पण त्या वेळी सुचलं नाही, सुचलं पण बोलले नाही किंवा तपासलं नाही, की सगळं ठीक होतं आणि तरी नाही आलं. माझ्या पहिल्या नकारात बोलणं होतं, दुसऱ्यात तपासणं, तिसऱ्यात खरंच डिझाइन येत नव्हतं. हे वेगळं करणं फार गरजेचं, कारण आपण सगळ्यावर एकच औषध लावतो, आणखी दोनशे प्रॉब्लेम. बोलणं कमी पडलं तर मॉक वाढवा. तपासणं कमी पडलं तर प्रॉब्लेम कमी करून प्रत्येकाचा ड्राय रन वाढवा. विषय येत नसेल तर महिनाभर तोच विषय घ्या, बाकी सगळं बाजूला. आणि सगळं ठीक जाऊनही नाही आलं असेल तर त्या राऊंडसाठी काही बदलू नका, तसाच पुढच्या कंपनीत जाऊ द्या.

घरच्यांना सांगताना लपवू नका आणि समजावतही बसू नका. "या वेळी नाही झालं, सहा महिन्यांनी परत बसता येतं," एवढं पुरतं. आई मला म्हणाली होती, आहे ती नोकरी काय वाईट आहे, तेव्हा मला राग आला होता, नंतर कळलं की तिला मी रात्री एक-एकपर्यंत जागते त्याची काळजी होती. तिच्यासाठी मी अकराची वेळ ठरवली आणि तयारी सकाळी सहाला हलवली, त्याने माझंच भलं झालं.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. दोन आठवडे उलटले आणि झोप येत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणंच नको वाटतंय, तर हा इंटरव्ह्यूचा विषय राहिलेला नाही. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलता येतं. फोन करा. डॉक्टरकडे जा. माझ्या एका मैत्रिणीने तो फोन केला आणि आज ती ठीक आहे, कामही करतेय.

कूलिंग पिरियड संपायच्या तारखेच्या तीन आठवडे आधीचं रिमाइंडर आजच लावून टाका, मेल आलेल्या आठवड्यातच, कारण नंतर आपण टाळतो. तेव्हा त्याच रिक्रूटरला लिहायचं, आणि नुसतं "मी परत तयार आहे" असं नको, मधल्या काळात काय बदललं ते दोन ओळींत: कामात अमुक सिस्टीम मी डिझाइन केली, अमुक भागावर मागच्या वेळी कमी पडले होते त्यावर असं काम केलं. मला ज्या कंपनीत शेवटी घेतलं ती मला आधी नाही म्हणालेल्यांपैकीच एक आहे. रिक्रूटरही तीच होती, आणि तिने माझा जुना मेल शोधून त्यालाच रिप्लाय केला होता.